तरंगती फरशी : अण्णा नगरमधल्या एका फुगवट्याचा इतिहास

राष्ट्रीय विज्ञानवार्तांच्या या पानावर आपण सहसा चांद्रयानाच्या, पुंज संगणकाच्या किंवा नव्या लशींच्या बातम्या वाचतो. घरातल्या फरशीची बातमी कोणी देत नाही. तरीही आज फरशीविषयी लिहितो आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, ईशान्य मोसमी पाऊस ऐन भरात असताना, चेन्नईच्या अण्णा नगरमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत नवी कोरी लॅमिनेट फरशी मधोमध उचलली गेली. आईचा पाय त्या उंचवट्याला अडखळला. भिंतीला हात टेकून ती सावरली, पडली नाही. पण जुनी मोझेक फरशी ओल्या पायांना निसरडी होते म्हणून तिच्यासाठीच ही नवी फरशी बसवली होती, हे आठवून मला फार अपराधी वाटले.

उंचवटा मोजला. तो जेमतेम तीन सेंटिमीटर भरला. खोलीची रुंदी चार मीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती हलत नाहीत असे धरले, तर फरशीचे दोन अर्धे भाग म्हणजे दोन काटकोन त्रिकोणांचे कर्ण होतात. पाया दोन मीटर, उंची तीन सेंटिमीटर. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण २.०००२२५ मीटर. म्हणजे चार मीटरच्या फरशीला जागा अपुरी पडली ती अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. शाळेतल्या या गणिताने मी थक्क झालो. एवढीशी लांबी कुठून आली, याचा शोध घेता घेता चुन्याच्या भट्ट्या, अभ्रकाच्या खाणी, स्वीडनमधला एक रसायनांचा कारखाना आणि भारताचे एक जुने मानक इथवर पोहोचलो. तो इतिहास असा.

आरंभ या वस्तीपासूनच करू. आज अण्णा नगर म्हणून ओळखला जाणारा भाग चेन्नईच्या पश्चिमेला आहे. १९६८ साली येथे मोठे आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनासाठी उभारलेला १३५ फूट उंचीचा मनोरा आजही येथील उद्यानात उभा आहे. प्रदर्शनानंतर तमिळनाडूच्या गृहनिर्माण मंडळाने सरळ, रुंद रस्त्यांची आखीव वसाहत येथे वसवली आणि तिला मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई यांचे नाव मिळाले. मनोऱ्याला मात्र नाव आहे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नोकरी केली आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीपर्यंत अडवायचे आणि ती ओलांडली की कोणाची वाट न पाहता दार आपोआप उघडायचे, ही त्या रचनेतली कल्पना होती.

अण्णा नगरमधली सत्तर-ऐंशीच्या दशकांतली अनेक घरे आता नूतनीकरणाच्या वयात आली आहेत. त्यांच्या जमिनींवर लाल ऑक्साइड, कडाप्पा किंवा मोझेक आढळते. त्यावर आज लॅमिनेट अंथरले जाते. ‘अंथरले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपला ‘फरशी’ हा शब्द ‘फर्श’ या मूळ अरबी, फारसीतून आलेल्या शब्दावरून घडला आणि त्याचा मूळ अर्थ अंथरण, बिछायत असा आहे. शहाबादी किंवा मोझेक फरशी चुन्यात वा सिमेंटात पक्की बसवतात. लॅमिनेटच्या फळ्या मात्र कशालाच चिकटवत नाहीत. त्या एकमेकींत अडकवून जमिनीवर नुसत्या पसरतात. बांधकामाच्या परिभाषेत तिला तरंगती फरशी म्हणतात. शब्दाच्या मूळ अर्थाने खरी ‘फरशी’ हीच.

तिच्या आधी काय होते? महाराष्ट्रातल्या घरांची जमीन चोपून सपाट करीत आणि शेणाने सारवीत. वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर लाकडी तक्तपोशी असे. ज्यांना परवडे ते चुना, विटांचा चुरा आणि खडी यांचा कोबा ठोकून घेत. तमिळ किनाऱ्यावर चुनखडीचे डोंगर जवळ नव्हते, पण समुद्राने शिंपल्यांचे ढीग दिले होते. शिंपले भाजून निघालेल्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा ‘मद्रास चुनाम’ या नावाने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत प्रसिद्धीस आला. त्यात अंड्याचा पांढरा बलक, दही, तूप, गुळाचे पाणी घालीत आणि दगडाने घोटून त्याला संगमरवरासारखी झळाळी आणीत. ‘चुनाम’, ‘चुना’ आणि तमिळमधला ‘सुण्णाम्बु’ हे शब्द संस्कृत ‘चूर्ण’च्या कुळातले आहेत.

चुन्याचे रसायन साधे आहे. शिंपल्यातला कॅल्शियम कार्बोनेट भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेली कळी पाण्यात विरवली की चुना होतो. तो भिंतीवर किंवा जमिनीवर लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून हळूहळू कार्बोनेट बनतो. या प्रवासाचा एक परिणाम असा, की कोबा आणि चुन्याचा गिलावा सच्छिद्र राहतात. जमिनीतून वर आलेली ओल त्यांच्यातून वाफेच्या रूपाने निघून जाते. सारवलेल्या जमिनीचेही तसेच. या जमिनी ओल रोखत नसत, तिला जाऊ देत.

सिमेंटाने हे चित्र बदलायला सुरुवात केली. जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. भारतात सिमेंट तयार करण्याचा पहिला प्रयत्न मद्रासमध्येच, १९०४ साली, आणि तोही समुद्री शिंपल्यांपासून झाला. तो टिकला नाही. यशस्वी उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झाले. सिमेंटच्या पाठोपाठ सिमेंटची फरशी आली. शिवगंगा जिल्ह्यातल्या आत्तंगुडी गावात काचेवर रंगीत सिमेंट ओतून हाताने फरश्या घडवतात. काचेचा गुळगुळीतपणा फरशीत उतरतो, त्यामुळे वेगळे पॉलिश करावे लागत नाही. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ सुरू केली, तोवर नक्षीदार फरश्या परदेशातून येत असत. संगमरवराचे तुकडे सिमेंटात बसवून घासलेली मोझेक फरशी पुढे मध्यमवर्गीय घरांची ओळख बनली. आमच्या खोलीतली जमीन त्याच पिढीतली आहे.

लॅमिनेटची कथा वेगळ्याच वाटेने येते, आणि तिच्या आरंभी घरबांधणीचा काही संबंध नव्हता. १८३४ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मेलामाइन हे संयुग प्रथम बनवले. कार्बनचे तीन, हायड्रोजनचे सहा आणि नायट्रोजनचे सहा अणू असलेल्या या पांढऱ्या पुडीचा काय उपयोग, हे पुढची शंभर वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बॅकेलाइट बनवले. ते एकदा तापवून घट्ट झाले की पुन्हा वितळत नसे. विजेच्या उपकरणांसाठी उत्तम विद्युतरोधक हाती आला.

त्याआधी विद्युतरोधक म्हणून अभ्रक वापरीत, आणि अभ्रकाच्या जगातल्या बाजारपेठेत भारताचे स्थान फार मोठे होते. कोडरमाच्या आणि तेव्हा मद्रास इलाख्यात असलेल्या नेल्लोर जिल्ह्याच्या खाणींतले अभ्रक दूरदूरच्या कारखान्यांत जाई. १९१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांना त्यावर पर्याय सुचला: कापड किंवा कागद बॅकेलाइटसारख्या राळेत भिजवायचा, थर रचायचे आणि उष्णता व दाब देऊन एकजीव करायचे. १९१३ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. अभ्रकाच्या, म्हणजे ‘मायका’च्या, जागी वापरायचे म्हणून मालाचे नाव ठेवले ‘फॉर्मायका’. पुढे आपल्याकडे ‘सनमायका’ ही व्यापारी मुद्रा इतकी रुळली की सुतारापासून गृहिणीपर्यंत सारे कोणत्याही लॅमिनेटला सनमायकाच म्हणू लागले. त्यात अभ्रक औषधालाही नसते. नेल्लोरच्या खाणींचा व्यवसाय ज्याने पुढे आक्रसत नेला त्या कृत्रिम पदार्थांच्या नावात अभ्रक तेवढे राहून गेले.

फिनॉलची राळ गडद तपकिरी असते. तिच्यातून नक्षी दिसत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लीबिगचे विस्मृतीत गेलेले मेलामाइन कामी आले. मेलामाइनची राळ पारदर्शक, कठीण आणि उष्णता सोसणारी. तिच्या खाली लाकडाचे चित्र छापलेला कागद ठेवला की लाकूड नसतानाही लाकूड दिसू लागले. टेबले, कपाटे, स्वयंपाकघरांचे ओटे या पत्र्यांनी मढले. पण जमिनीवर ते आणायला आणखी चाळीस वर्षे गेली, कारण टेबलावर माणसे चालत नाहीत.

दक्षिण स्वीडनमध्ये पर्स्टॉर्प नावाचे गाव आहे. तेथे विल्हेल्म वेंट याने १८८१ साली बीच वृक्षाच्या लाकडापासून अ‍ॅसेटिक आम्ल, डांबर आणि कोळसा काढण्याचा उद्योग सुरू केला होता. त्याच कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस लॅमिनेटची फरशी बाजारात आणली. ‘पर्गो’ हे तिचे नाव पर्स्टॉर्पवरूनच आलेले. झिजेचा प्रश्न त्यांनी वरच्या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण घालून सोडवला. हा पदार्थ म्हणजे कुरुंद. माणिक आणि नीलम यांचे मूळ द्रव्य तेच. मोहसच्या काठिण्यमापनावर त्याचा क्रमांक ९, तर मोझेकमधल्या संगमरवराचा ३. चपलांखाली येणारी वाळू क्वार्ट्झची असते आणि तिचा क्रमांक ७. म्हणून वाळू संगमरवराला ओरखडे काढते, कुरुंदाला काढू शकत नाही.

सुरुवातीच्या फळ्या गोंदाने एकमेकींना जोडाव्या लागत. १९९६-९७ च्या सुमारास स्वीडनमधल्या व्हेलिंगे आणि बेल्जियममधल्या युनिलिन या कंपन्यांनी कडेलाच खाचा आणि जिभा अशा घडवल्या की फळी तिरकी धरून दाबली की खटकन अडकते. या खटक्यावरून पेटंटचे दीर्घ वाद झाले. पण त्यामुळे फरशी बसवणे एका दिवसाचे काम झाले, आणि याच रूपात ती आपल्या शहरांत आली.

आजच्या फळीचा छेद घेतला तर चार थर दिसतात. सर्वांत वर कुरुंदमिश्रित मेलामाइन. त्याखाली छापील कागद. मध्ये लाकडाच्या तंतूंची दाट दाबलेली फळी. आणि तळाशी आणखी एक राळेचा कागद. हा तळाचा कागद कोणाला दिसत नाही, तरी तो वगळता येत नाही. एकाच बाजूला कागद लावला तर दोन्ही बाजूंचे आकुंचन-प्रसरण असमान होऊन फळी द्विधातू पट्टीसारखी वाकेल. कुरुंद, राळ आणि कागद मिळून जाडी असते मिलीमीटरच्या अंशाएवढी. बाकी आठ किंवा बारा मिलीमीटरची जी वस्तू आपण विकत घेतो, ते लाकूडच आहे. जाहिरातीतल्या ‘टिकाऊ’ या शब्दाने माझीही गल्लत झाली होती. टिकाऊ असतो तो वरचा थर. मधला भाग झाड मेल्यावरही पाण्याशी असलेले आपले नाते सोडत नाही.

ते नाते काय आहे? लाकडातल्या सेल्युलोजच्या साखळ्यांवर हायड्रॉक्सिल गट असतात. हवेतले पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्यांना चिकटतात, साखळ्यांमध्ये शिरून त्यांना दूर सारतात आणि लाकूड फुगते. अमेरिकेच्या वनखात्यातल्या हॅरी टीमनने १९०६ मध्ये दाखवले की या शोषणाला एक मर्यादा आहे. लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी पेशीभित्तिकांत मावते. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळीत राहते आणि फुगणे थांबते. त्याने या अवस्थेला तंतुसंपृक्ततेचा बिंदू म्हटले. या बिंदूखाली लाकूड कधीही स्थिर नसते. हवेची सापेक्ष आर्द्रता बदलली की ते पाणी घेते किंवा सोडते.

आता स्वीडनचा हिवाळा आणि चेन्नईचा नोव्हेंबर शेजारी ठेवू. शून्य अंश सेल्सियसला संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे ४.८ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. तीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली तर तिथे १७.३ ग्रॅम मावू शकतात. म्हणजे सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांवर उतरते. तिथल्या हिवाळ्यात लाकूड आक्रसते आणि सांधे उघडण्याची भीती असते. आमच्याकडे ३० अंशांना घनमीटरात ३०.४ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८० टक्के धरली तर चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीच्या हवेत जवळजवळ १.१७ किलो पाणी असते. मे महिन्यात वातानुकूलन यंत्र चालू असताना २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता राहिली, तर तेच पाणी सुमारे ५२० ग्रॅम. आमची फरशी बसली मे महिन्यात, थंड आणि कोरड्या खोलीत. नोव्हेंबरात यंत्र बंद, खिडक्या उघड्या, बाहेर पाऊस. तंतूंची फळी या फरकाने लांबीत समजा हजारात एक भाग वाढली, तरी चार मीटरला चार मिलीमीटर होतात. मोकळेपणाने ही सारी वाढ मधोमध उचलली गेली असती, तर पायथागोरस नऊ सेंटिमीटरचा उंचवटा सांगतो. बहुतांश वाढ सांध्यांमधल्या सैलपणाने आणि फळ्यांच्या दबण्याने सामावली. उरलेल्या अर्ध्या मिलीमीटरने आईला अडखळवले.

भिंतीलगत आठ ते दहा मिलीमीटर फट ठेवावी, हे फळ्यांच्या खोक्यावर छापलेले होते. बसवणाऱ्या माणसाने तसे सुचवलेही. फट दिसू नये, तिच्यात मुंग्या होऊ नयेत, म्हणून फळ्या भिंतीला भिडवा आणि उरलेली चीर भरून टाका हा आग्रह माझा होता. पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट असलेल्या माणसाचा. रूळांच्या सांध्यांत फट का ठेवतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे.

पण फट हा निम्माच दोष निघाला. फरशी उचलल्यावर खालचा फोम ओला होता आणि मोझेकवर पांढरट क्षारांची नक्षी उमटली होती. पाऊस काही खिडकीतून आला नव्हता. तो जमिनीतून वर आला होता. बारीक नळीत पाणी किती चढेल, याचे गणित जेम्स ज्युरिनने १७१८ मध्ये मांडले: नळी जितकी अरुंद तितकी उंची अधिक. एक मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात ही सैद्धांतिक उंची १४ मीटरच्या पुढे जाते. प्रत्यक्षात पाणी तेवढे चढत नाही, कारण वाटेत ते पृष्ठभागावरून उडून जाते. पन्नास वर्षे आमच्या मोझेकच्या सांध्यांतून ती ओल रोज थोडीथोडी उडून जात होती, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. वर राळेचा अभेद्य थर पसरताच तिची वाट बंद झाली. ती मग फळ्यांच्या तळाशी साचली आणि कडांतून तंतूंमध्ये शिरली.

चेन्नईच्या भूजलाचा अलीकडचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न एका घरापुरता राहत नाही. २००३ साली तमिळनाडूने इमारतींना पावसाचे पाणी जिरवणे बंधनकारक केले आणि ते योग्यच होते. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शहर पुरात बुडाले. चारच वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, शहराला पाणी पुरवणारे प्रमुख जलाशय जवळपास कोरडे पडले. त्या उन्हाळ्यात तळमजल्याची जमीन तपासणाऱ्याला ती ठणठणीत वाटली असणार. एका कोरड्या दिवसाची तपासणी येथे अपुरी पडते.

म्हणून जुन्या जमिनीची तयारी हा या कामाचा मुख्य भाग आहे. फळ्या जोडणे त्यानंतरचे सोपे काम. आम्ही दुसऱ्यांदा ते क्रमाने केले. मोझेकचे काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावले. त्यांनी लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोकली. भरीव फरशी खणखणीत वाजते, खालचा माल सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या नऊ फरश्या त्यांनी खडूने खुणावल्या. मग दोन मीटरची सरळ पट्टी सर्व दिशांनी फिरवली. पट्टीखाली तीन मिलीमीटरहून मोठा खळगा राहिला, तर त्यावरची फळी पाऊल पडताच लवते आणि तिच्या कडेचा खटका थोड्याच दिवसांत झिजतो. असे खळगे आपोआप सपाट होणाऱ्या सिमेंटमिश्रणाने भरतात आणि उंचवटे घासून काढतात.

ओलीची चाचणी कोणालाही करता येईल इतकी साधी आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन जमिनीवर ठेवायचा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि किमान सोळा तास वाट पाहायची. प्लॅस्टिकच्या आतून थेंब जमले किंवा खालची जमीन काळवंडली, तर ओल वर येते आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचा चौकोन कोरडा राहिला. तळमजल्याच्या तिन्ही चौकोनांत दव साचले.

अशा जमिनीवर ०.२ मिलीमीटर जाडीचा पॉलिथिनचा कागद, कडा वीस सेंटिमीटर एकमेकींवर घेऊन, पसरावा असे सांगतात. त्याने फळ्या वाचतात. परंतु ओल नाहीशी होत नाही. ती बाजूला सरकते आणि भिंतीच्या तळाशी रंगाचे फुगे येऊ लागतात. मिस्त्रींनी हे एका वाक्यात सांगितले: इथून अडवले तर ती तिथून येईल, सर. आम्ही निर्णय बदलला. तळमजल्यावर मोझेकच ठेवायचा. सुटलेल्या फरश्या पुन्हा बसवल्या, क्षार धुऊन काढले आणि आरशासारखी चकाकी न आणता किंचित खरबरीत राहील इतकेच घासून घेतले. निसरडेपणाचा मूळ प्रश्न त्याने सुटला. लॅमिनेट वरच्या कोरड्या खोलीत गेले. भिजलेल्या फळ्या टाकल्या, काही नव्या आणल्या. खोकी दोन दिवस त्याच खोलीत ठेवली, भिंतीलगत दहा मिलीमीटर फट सोडली आणि ती झाकणारी पट्टी भिंतीला ठोकली, फरशीला नाही.

या साऱ्या शोधात मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट सापडली ती प्रयोगशाळेतली. कोणताही पदार्थ तपासण्याआधी तो ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या हवेत ठेवतात. लॅमिनेट फरशीच्या युरोपीय मानकात ही हवा २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची आहे. भारताने आपले प्रमाण वातावरण वेगळे ठरवले: मानक क्रमांक १९६ मध्ये ते २७ अंश आणि ६५ टक्के आहे. उष्ण देशांसाठी हा पर्याय आंतरराष्ट्रीय मानकांतही मान्य झाला. ज्यांनी हा आकडा ठरवला त्यांनी येथली हवा वेगळी आहे हे ओळखले होते. खोक्यावरची ‘झीज श्रेणी’ आपण पाहतो, घासाघीस करून किंमत ठरवतो. पण हा माल कोणत्या हवेत तपासला, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

आणि ६५ टक्के हीदेखील सोयीची सरासरीच. नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै एका आकड्यात बसत नाहीत. विद्यार्थ्यांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. साधा आर्द्रतामापक फार महाग नसतो. आपल्या घरातली आर्द्रता वर्षभर, रोज सकाळ-संध्याकाळ, एका वहीत लिहून ठेवा. शेजारी एखाद्या लाकडी फळीची रुंदी दर महिन्याला मोजा. आपल्या गावातल्या घरांच्या आतल्या हवेची अशी नोंद झाली, तर ती घर बांधणाऱ्या आणि मानके लिहिणाऱ्या दोघांच्याही उपयोगाची ठरेल.

मी स्वतः तेच करतो आहे. वरच्या खोलीच्या दारापाशी पट्टी न ठोकता थोडी जागा उघडी ठेवली आहे. मे महिन्यात, यंत्र चालू असताना, भिंत आणि फळी यांच्यातले अंतर दहा मिलीमीटर होते. या नोव्हेंबरात, तीन दिवसांच्या पावसानंतर, ते आठ भरले. फरशी सपाट आहे. आई मात्र अजून तळमजल्यावरच्या मोझेकवरच बसते. दुपारी ती गार लागते म्हणते.